वैज्ञानिक दृश्यीकरण आज्ञावलींचे दोषनिदान

मापनांतून अथवा गणनेतून मिळालेल्या संख्यासमूहांचे नकाशे, समोच्चरेषा, त्रिमितीय पृष्ठे, रेणूंच्या प्रतिकृती अशा चित्रांत रूपांतर करणाऱ्या संगणकीय आज्ञावलींना वैज्ञानिक दृश्यीकरण आज्ञावल्या म्हणतात. अशी एखादी जुनी आज्ञावली नव्या संगणकावर मुळीच उघडत नसेल अथवा अर्धवट उघडत असेल, तर त्याचे कारण शोधून ते दूर करण्याच्या पद्धतीचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. १९८५–२००५ या काळातील वातावरणाची प्रतिमाने, रेणूंच्या संरचना व खगोलीय निरीक्षणे यांवरील पुष्कळ निष्कर्ष अशा आज्ञावलींनी काढलेल्या चित्रांवरून मांडले गेले. मूळ आधारसामग्री फितींवर वा चकत्यांवर टिकून आहे, पण ती वाचणारी आज्ञावली चालत नाही, अशी स्थिती आल्यास ते चित्र पुन्हा काढता येत नाही आणि त्यावर उभारलेले अनुमानही तपासता येत नाही.

आज्ञावली यंत्राच्या भागांप्रमाणे झिजत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या फाइलीतील बिट जसेच्या तसे असतात. बदललेला असतो तो तिच्या भोवतीचा परिसर. परिचालन प्रणाली, सहभागी लायब्ऱ्या, पडद्याचे रंगव्यवस्थापन, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, पूरक फाइलींच्या जागा आणि संख्या साठविण्याची रीत यांपैकी कोठेतरी आज्ञावलीचे गृहीतक व प्रत्यक्ष स्थिती यांचा सांधा निखळलेला असतो. तो सांधा नेमका कोणता, हे ठरविणे म्हणजेच दोषनिदान. अनुभवी मनुष्य आज्ञावलीत सहसा प्रथम हात घालीत नाही, याचे कारणही हेच आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी बी. एच्. मॅककॉर्मिक, टी. ए. डीफँटी व एम्. डी. ब्राउन यांनी संपादित केलेला वैज्ञानिक गणनेतील दृश्यीकरणावरील अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला व या विषयाला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप आले. त्या सुमारास सिलिकॉन ग्राफिक्स, सन, आयबीएम इ. कंपन्यांची युनिक्सवर चालणारी वर्कस्टेशने प्रयोगशाळांत आली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या (मॅडिसन) अवकाशविज्ञान व अभियांत्रिकी केंद्रात विल्यम हिबर्ड, ब्रायन पॉल प्रभृतींनी व्हिस-फाइव्ह-डी ही वातावरणाच्या त्रिमितीय, काळानुसार बदलणाऱ्या प्रतिमानांची चित्रे काढणारी आज्ञावली तयार केली. सेंटर फॉर ओशन-लँड-ॲटमॉस्फिअर स्टडीज या अमेरिकन संस्थेत ब्रायन डॉटी यांनी रचलेली ग्रॅड्स ही आज्ञावली हवामानशास्त्रज्ञांत सर्वत्र पसरली. भारतातील मोसमी पावसाच्या अभ्यासकांना, त्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनाही, ती चांगलीच परिचित आहे. रेणूंच्या चित्रणासाठी रॉजर सेल यांची रॅसमोल (१९९३) व इलिनॉय विद्यापीठातील व्हीएमडी, तर सर्वसाधारण कामासाठी आयबीएमची डेटा एक्सप्लोरर (१९९१; पुढे १९९९ मध्ये ओपनडीएक्स या नावाने खुली) या आज्ञावल्या रूढ झाल्या. ज्या यंत्रांसाठी त्या लिहिल्या गेल्या, ती यंत्रे मात्र काळाच्या ओघात गेली. सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या मिप्स प्रक्रियकांवरील वर्कस्टेशनांचे उत्पादन २००६ अखेरीस बंद केले. आज्ञावल्या यंत्रांपेक्षा दीर्घायुषी ठरल्या, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

लक्षणे व प्राथमिक तपासणी : ‘उघडत नाही’ या एका शब्दप्रयोगाखाली निरनिराळी लक्षणे येतात. आज्ञा देताच आज्ञावली दोषसूचना देऊन संपते. काहीही न सांगता संपते. चौकट उघडते पण काळी वा कोरी राहते. सर्व काही उघडते पण अक्षरे, किनारपट्ट्या वा रंग दिसत नाहीत. अथवा सर्व काही दिसते, परंतु जे दिसते ते खोटे असते. पहिल्या प्रकारातील दोष बहुधा खालच्या थरात, म्हणजे लायब्ऱ्यांत वा प्रक्रियकाच्या जातीत असतो. काळ्या चौकटीचे मूळ ग्राफिक्सच्या थरात, तर हरवलेल्या अक्षरांचे पूरक फाइलींत शोधावे. शेवटचा प्रकार सर्वांत घातक असून त्याचा विचार पुढे केला आहे.

पडद्यावरील चिन्हावर टिचकी मारून आज्ञावली सुरू केल्यास तिची दोषसूचना बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणून ती आज्ञापटलावरून, म्हणजे टर्मिनलमधून, सुरू करावी. सूचनांची रांग लागल्यास पहिली सूचना महत्त्वाची. नंतरच्या बहुतेक तिच्याच परिणामी आलेल्या असतात. प्रत्यक्षात लोक शेवटची ओळ वाचतात आणि भलत्याच ठिकाणी शोध सुरू करतात. मूळ आज्ञावली व आधारसामग्री यांची अस्पर्शित प्रत आधी बाजूला ठेवावी आणि एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद करावी. पाच बदल एकदम करून आज्ञावली चालू झाली, तर त्यांपैकी कोणत्या बदलाने चालू झाली हे कळत नाही व पुढच्या संगणकावर सारे पहिल्यापासून करावे लागते.

सहभागी लायब्ऱ्या व प्रक्रियक : चौकटी, बटणे, गणिती फलने यांसारखी नेहमीची कामे आज्ञावली स्वतः करीत नाही, ती परिचालन प्रणालीत असलेल्या लायब्ऱ्यांकडून करवून घेते. लिनक्सवर आवश्यक लायब्री न सापडल्यास तिचे नाव देऊनच आज्ञावली थांबते. एलडीडी या आज्ञेने एखाद्या आज्ञावलीला लागणाऱ्या सर्व लायब्ऱ्यांची यादी व त्यांपैकी कोणत्या सापडत नाहीत हे कळते. आज्ञावली निःशब्दपणे संपत असेल, तर स्ट्रेस या साधनाने ती कोणकोणत्या फाइली मागते व कोठे अडते याचा माग काढता येतो. डेटा एक्सप्लोररसारख्या आज्ञावल्या मोटिफ या लायब्रीवर उभ्या आहेत. मोटिफ २०१२ मध्ये मुक्त परवान्याखाली येईपर्यंत अनेक लिनक्स वितरणांत तिच्याऐवजी लेसटिफ ही पर्यायी लायब्री असे; दोन्हींची वागणूक बरीच सारखी असली, तरी तंतोतंत सारखी नव्हती.

हरवलेल्या लायब्रीच्या जागी नव्या आवृत्तीला जुने नाव देऊन काम भागविण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती धोक्याची आहे. आवृत्तीचा मुख्य क्रमांक बदलतो तेव्हा फलनांची मांडणी बदललेली असण्याचा संभव असतो. मग आज्ञावली उघडते खरी, पण मधूनच कोसळते किंवा चुकीचे मूल्य घेऊन पुढे जाते. त्याऐवजी जुन्या वितरणातील खरी लायब्री वेगळ्या निर्देशिकेत ठेवून फक्त त्या आज्ञावलीला तिचा मार्ग दाखवावा. हा मार्ग सबंध संगणकासाठी कायमचा बदलून ठेवल्यास इतर आज्ञावल्या बिघडतात.

प्रक्रियकाची जात व शब्दलांबी हाही अडसर ठरतो. ६४ बिटांच्या लिनक्सवर ३२ बिटांची आज्ञावली चालविण्यास ३२ बिटांच्या लायब्ऱ्यांचा स्वतंत्र संच बसवावा लागतो. तो नसल्यास आज्ञावली डोळ्यांसमोर असताना ‘फाइल सापडत नाही’ अशी बुचकळ्यात टाकणारी सूचना मिळते. न सापडणारी फाइल आज्ञावलीची नसून तिला स्मृतीत चढविणाऱ्या साधनाची असते. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांत १६ बिटांच्या आज्ञावल्या चालत नाहीत, व २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांचीच आहे. ॲपलने मॅकच्या परिचालन प्रणालीतून पॉवरपीसी आज्ञावलींचा दुभाषा २०११ मध्ये व ३२ बिटांच्या आज्ञावलींचा आधार २०१९ मध्ये काढून टाकला. अशा ठिकाणी किरकोळ दुरुस्तीला वाव नसतो.

पडदा व रंग : १९९० च्या सुमारास बहुतेक वर्कस्टेशनांवर प्रत्येक चित्रबिंदूसाठी ८ बिट स्मृती असे. त्यामुळे एका वेळी २५६ रंग दाखविता येत आणि चित्रबिंदूत रंग नव्हे, तर रंगकोष्टकातील क्रमांक साठविला जाई. कोष्टकातील नोंदी बदलल्या की, चित्र पुन्हा न काढताच पडद्यावरील सर्व रंग क्षणात पालटत. तापमानाच्या नकाशावर रंगपट्टा सरकवून सीमारेषा उठून दिसेल असे करणे त्यामुळे सहज शक्य होई, आणि अनेक आज्ञावल्या या सोयीवरच रचल्या गेल्या. नव्या पडद्यांवर प्रत्येक चित्रबिंदूत लाल, हिरवा व निळा यांची मूल्ये थेट असतात. बदलता येईल असे कोष्टकच नसते. जुनी आज्ञावली एक्स विंडो प्रणालीकडे ८ बिटांचा, बदलण्याजोग्या कोष्टकाचा पडदा मागते, तो मिळत नाही व ती थांबते. रॅसमोल या कारणासाठीच ८, १६ व ३२ बिटांसाठी वेगवेगळी कंपाइल करावी लागे. चुकीची प्रत चालविल्यास योग्य पडदा आढळला नाही, असे सांगून ती बंद होते. आज्ञावलीचा दोष समजून ती पुन्हा पुन्हा बसविणाऱ्यांना शेजारीच पडून असलेली ३२ बिटांची प्रत दिसत नाही.

दुसरी प्रत उपलब्ध नसेल, तर एक्सव्हीएफबी हा आभासी पडदा ८ बिट खोलीने सुरू करून त्यावर आज्ञावली चालविता येते, व तो पडदा दुसऱ्या साधनाद्वारे खऱ्या पडद्यावर पाहता येतो. चित्र संथ दिसते, परंतु रंगकोष्टकाचे तत्त्व अबाधित राहते. प्रत्यक्ष पडदा मुळीच न सापडणे हा निराळा दोष होय. तो बहुधा दूरच्या संगणकावर काम करताना उद्भवतो आणि कोणत्या पडद्यावर चित्र काढावे हे सांगणारा डिस्प्ले हा चल कोरा असणे, हे त्याचे नेहमीचे कारण असते. ग्रॅड्सच्या बाबतीत येथे एक सोपी कसोटी आहे. ती आज्ञावली चौकट न उघडता, केवळ आज्ञांच्या आधारे चालविता येते. तशी चालवून चित्र फाइलीत नीट उतरले, तर आज्ञावली व आधारसामग्री दोन्ही निर्दोष असून दोष पडद्याच्या थरात आहे, हे एका पायरीत सिद्ध होते. खालचे थर वगळून अथवा एकेक वाढवत जाऊन पाहण्याची ही रीत इतर आज्ञावलींनाही लागू पडते.

त्रिमितीय ग्राफिक्स : सिलिकॉन ग्राफिक्सची आयरिस जीएल ही लायब्री मुख्यतः तिच्याच यंत्रांवर चाले. १९९२ मध्ये तिच्यावरून ओपनजीएल हे खुले मानक तयार झाले. विस्कॉन्सिन येथील व्हिस-फाइव्ह-डीच्या कर्त्यांपैकी ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये फावल्या वेळात ओपनजीएलच्या धर्तीवरील एक लायब्री लिहिण्यास सुरुवात केली व फेब्रुवारी १९९५ मध्ये ती मेसा या नावाने प्रसृत केली. महागडे ग्राफिक्स यंत्र नसलेल्या संगणकांवरही तिच्यामुळे त्रिमितीय चित्रे काढता येऊ लागली. लिनक्सवरील ग्राफिक्सचा मोठा भाग आज मेसावर उभा आहे. जुन्या दृश्यीकरण आज्ञावलींना जिवंत ठेवणारे साधन त्याच क्षेत्रातील एका कार्यकर्त्याच्या हातून घडले, ही लक्षणीय गोष्ट आहे.

काळी चौकट दिसल्यास प्रथम ग्राफिक्सचे काम कोण करीत आहे हे ग्लेक्सइन्फो या आज्ञेने पाहावे. नंतर मेसाला सर्व चित्रण प्रक्रियकाकडूनच करण्यास सांगणारा चल (लिबजीएल-ऑलवेज-सॉफ्टवेअर, मूल्य १) नोंदवून आज्ञावली पुन्हा सुरू करावी. मेसाच्या लायब्रीवर चालणाऱ्या संगणकावर असे केल्याने चित्र दिसू लागले, तर ग्राफिक्स कार्ड वा त्याचा ड्रायव्हर हे दोषस्थान निश्चित होते. जुन्या आज्ञावलींची चित्रे त्या काळच्या मानाने मोठी असली, तरी आजच्या प्रक्रियकाला ती जड नाहीत. पुष्कळदा हाच तात्पुरता उपाय कायमचा म्हणून पुरतो.

दूरच्या संगणकावरून त्रिमितीय चित्र आणताना आणखी एक अडचण येते. पूर्वी ओपनजीएलच्या आज्ञाच जालावरून समोरच्या पडद्याकडे पाठविल्या जात. एक्स सर्व्हरच्या २०१५ मधील १.१७ या आवृत्तीपासून ही अप्रत्यक्ष पद्धत सुरक्षिततेच्या कारणास्तव मुळात बंद ठेवण्यात आली. वर्षानुवर्षे चालणारी व्यवस्था परिचालन प्रणाली अद्ययावत करताच एका सकाळी थांबते, याचे हे एक उदाहरण होय. ती पद्धत मुद्दाम सुरू करता येते, परंतु चित्र दूरच्या संगणकावरच तयार करून केवळ प्रतिमा पाठविणे अधिक श्रेयस्कर.

ओपनजीएलचेही वय झाले आहे. तिच्या ३.० या आवृत्तीत (२००८) जुन्या पद्धतीची फलने कालबाह्य ठरविण्यात आली आणि नंतरच्या मानकांत ती ‘सुसंगती’ या वेगळ्या विभागात गेली. ॲपलने २०१८ मध्ये ओपनजीएलच कालबाह्य म्हणून घोषित केली. एक विचित्र दोष येथे नमूद करण्याजोगा आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर आपल्या सर्व वाढीव सुविधांची नावे एका लांब अक्षरमालेत देतो. जुन्या आज्ञावलींनी ती उतरवून घेण्यासाठी राखलेली जागा त्या काळी भरपूर वाटे. सुविधा वाढत गेल्या, माला लांबली, राखलेल्या जागेबाहेर सांडू लागली आणि आज्ञावली सुरू होतानाच कोसळू लागली. संगणक जितका नवा व समर्थ, तितका हा दोष अधिक. विशिष्ट वर्षानंतरच्या सुविधा लपवून ठेवण्याची सोय मेसामध्ये यासाठीच दिलेली आहे.

पूरक फाइली व परिसर : आज्ञावली अनेकदा एकटी नसते. ग्रॅड्सला अक्षरांचे आकार व किनारपट्ट्यांचे नकाशे वेगळ्या फाइलींतून मिळतात. त्या कोठे आहेत हे गॅडडिर हा चल सांगतो. तो नोंदविलेला नसल्यास आज्ञावली ठराविक निर्देशिकेत शोध घेते आणि अक्षरांची फाइल उघडता आली नाही, अशी तक्रार करते. व्हिस-फाइव्ह-डीला भूपृष्ठाच्या उंचीची व नकाशारेषांची फाइल लागते. त्या न मिळाल्यास वारे व ढग दिसतात, पण खाली जमीन नसते. नवशिक्यास आधारसामग्रीच बिघडली असे वाटते, प्रत्यक्षात निर्देशिकेचे नाव देणे पुरेसे असते. याच आज्ञावलीचे स्मृतीविषयीचे मूळ गृहीतक ३२ मेगाबाइटचे होते. आजच्या संगणकात त्याच्या शेकडो पट स्मृती असूनही ती काटकसरीने वागते व जागा नाही म्हणून तयार आलेख पुसून टाकते; स्मृतीचा आकडा सुरू करतानाच द्यावा लागतो.

निर्देशिकेच्या नावातील रिकामी जागा वा देवनागरी अक्षरे हाही एक क्षुल्लक भासणारा अडथळा आहे. संगणकाच्या वापरकर्त्याचे नाव मराठीत नोंदविलेले असल्यास त्याच्या सर्व फाइलींच्या मार्गात देवनागरी अक्षरे येतात आणि केवळ रोमन अक्षरे गृहीत धरणारी आज्ञावली स्वतःचीच फाइल उघडू शकत नाही. आज्ञावली व आधारसामग्री लहान, रोमन नावाच्या निर्देशिकेत हलवून पाहणे हा तपासणीचा अगदी आरंभीचा भाग असावा. यासारखाच दुसरा दोष दशांशचिन्हाचा. फ्रेंच, जर्मन इ. भाषांच्या परिसरात दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. तेथे लिहिलेली ३.७५ ही संख्या आज्ञावली ३ एवढीच वाचते व उरलेला भाग सोडून देते. भाषाविषयक चल ‘सी’ या मूलभूत परिसरावर आणल्यास तो नाहीसा होतो.

व्यापारी आज्ञावलींच्या बाबतीत परवाना हा स्वतंत्र थर असतो. परवाना बहुधा एखाद्या संगणकाच्या जालपत्त्याशी, म्हणजे ईथरनेट कार्डाच्या क्रमांकाशी, जखडलेला असतो. कार्ड जळाले वा संगणक बदलला की, आज्ञावली निर्दोष असूनही उघडत नाही, आणि परवाना देणारी कंपनीच अस्तित्वात नसेल तर तांत्रिक उपाय असूनही कायदेशीर उपाय राहत नाही. सार्वजनिक खर्चाने झालेल्या संशोधनाची आधारसामग्री केवळ अशाच आज्ञावलीच्या स्वरूपात साठविणे हे मुळातच अदूरदर्शीपणाचे होय.

उघडलेली, परंतु चुकीची चित्रे : आज्ञावली उघडली म्हणजे दोष संपला, असे समजणे ही या कामातील सर्वांत मोठी चूक आहे. सिलिकॉन ग्राफिक्स व सन यांची यंत्रे संख्येतील सर्वाधिक महत्त्वाचा बाइट आधी साठवीत. आज सर्वत्र आढळणारे इंटेल वंशातील प्रक्रियक तो शेवटी साठवितात. एका पद्धतीने लिहिलेला १ हा चार बाइटांचा पूर्णांक दुसऱ्या पद्धतीने वाचल्यास १,६७,७७,२१६ होतो. दशांशयुक्त संख्यांत घोटाळा अधिक सूक्ष्म असतो. तापमानाचे ३०० केल्व्हिन हे मूल्य उलट क्रमाने वाचल्यास सु. ५.४ × १०⁻⁴¹ मिळते, म्हणजे व्यवहारतः शून्य. आज्ञावली कोणतीही तक्रार न करता सबंध नकाशा एकाच रंगात रंगविते. व्हिस-फाइव्ह-डीच्या स्वतःच्या फाइलींत बाइटांचा क्रम यंत्र कोणतेही असले तरी एकच ठेवण्याची दक्षता घेतलेली आहे. ग्रॅड्समध्ये मात्र तो वर्णन-फाइलीत कळवावा लागतो.

फोर्ट्रान भाषेतील आज्ञावलींनी लिहिलेल्या फाइलींत प्रत्येक नोंदीच्या आधी व नंतर तिची लांबी चार-चार बाइटांत येते, ही बाब बहुधा विस्मरणात जाते. ग्रॅड्सबरोबर अभ्यासासाठी दिलेल्या नमुना-सामग्रीचे जाळे ७२ × ४६ बिंदूंचे आहे. म्हणजे एका पातळीवरील एका राशीसाठी ३,३१२ संख्या व १३,२४८ बाइट लागतात. अशा जाळ्याच्या एखाद्या फाइलीची एकूण लांबी १३,२४८ ने निःशेष भागली जात असेल, तर तीत फक्त संख्या आहेत. १३,२५६ ने भागली जात असेल, तर लांबीच्या नोंदीही आहेत. कागदावरच्या या भागाकाराने कित्येक दिवसांचा शोध वाचतो. त्याच लांबीची नोंद बाइटांच्या उलट क्रमाने वाचली गेल्यास १३,२४८ च्या जागी ३,२२,४५,६७,८०८ हा आकडा मिळतो. आज्ञावली तेवढी स्मृती मागते आणि ‘स्मृती अपुरी आहे’ असे सांगून बंद होते. अशा वेळी संगणकाची स्मृती वाढविणे सर्वस्वी निरर्थक असते.

काही जुन्या महासंगणकांची संख्यापद्धतीच निराळी होती. मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली येथे बसविण्यात आलेला क्रे एक्स-एमपी हा संगणक ६४ बिटांच्या स्वतःच्या पद्धतीने दशांशयुक्त संख्या साठवी. १९८५ च्या आयईईई मानकाशी ती जुळत नाही. अशा मूळ स्वरूपातील फिती आज वाचावयाच्या झाल्यास बाइटांचा क्रम उलटून भागत नाही, घातांक व अपूर्णांक वेगळे काढून प्रत्येक संख्येचे रूपांतर करावे लागते.

चित्र खरे आहे की नाही, हे ठरविण्यासाठी विषयाचे ज्ञानच उपयोगी पडते. जुलै महिन्यात अरबी समुद्रावर ८५० हेक्टोपास्कल पातळीवर वारे नैर्ऋत्येकडून जोराने वाहतात. नकाशात ते वायव्येकडून येताना दिसले, तर अक्षांशांचा क्रम उत्तर-दक्षिण असा उलट वाचला गेला आहे किंवा वाऱ्याच्या दक्षिणोत्तर घटकाचे चिन्ह बदलले आहे, अशी शंका घ्यावी. जमिनीवर समुद्रपृष्ठाचे तापमान आढळले, तर अनुपलब्धता दर्शविणारे मूल्य ओळखले गेलेले नाही. मूळ प्रबंधात छापलेले एखादे चित्र हाताशी असल्यास त्याच्याशी नवे चित्र ताडून पाहणे ही उत्तम कसोटी होय.

पुनर्बांधणी व जतन : सोर्स कोड उपलब्ध असल्यास आज्ञावली नव्याने कंपाइल करणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे, मात्र तोही सरळ नाही. जुन्या सी भाषेत फलन आधी घोषित न करता वापरले तरी चाले आणि त्याचे उत्तर ३२ बिटांचा पूर्णांक मानले जाई. ६४ बिटांच्या यंत्रावर तेथे स्मृतीतील पत्ता परत येत असेल, तर त्याचा अर्धा भाग कापला जातो व आज्ञावली कोसळते. जीसीसी कंपायलरची १४ वी आवृत्ती (२०२४) अशा वापरास दोष म्हणून अडविते. हे कटकटीचे वाटले तरी हितावहच आहे. त्याआधी १० व्या आवृत्तीत (२०२०) एकच चल अनेक फाइलींत जाहीर करण्याची जुनी सवय अडविली गेली. जुनी मुभा कंपायलरला सांगून परत मिळविता येते, परंतु पहिल्या दोषाच्या बाबतीत ती घेऊ नये. घोषणा लिहून काढाव्यात.

सोर्स कोड नसेल तेव्हा जुना परिसरच उभा करावा लागतो. आभासी यंत्रात त्या काळची परिचालन प्रणाली संपूर्ण बसविता येते, आणि क्यूईएमयूसारखी साधने वेगळ्या जातीच्या प्रक्रियकाचेही अनुकरण करतात. कंटेनर या नावाने ओळखली जाणारी हलकी पद्धत लायब्ऱ्यांचा प्रश्न सोडविते. तीत गाभा व ग्राफिक्स ड्रायव्हर यजमान संगणकाचेच राहत असल्याने पडद्याचे दोष तसेच उरतात. जुन्या परिसरात सुरक्षिततेच्या दुरुस्त्या झालेल्या नसतात, म्हणून अशा यंत्राला जालापासून तोडून ठेवणे आवश्यक आहे.

ज्यांचा परिसर इतरांच्या हाती होता, त्या आज्ञावलींची अवस्था सर्वांत बिकट झाली. रेणूंची चित्रे जालपृष्ठात दाखविणारी चाइम ही जोडआज्ञावली ज्या सोयीवर चाले, ती क्रोम या न्याहाळकाने २०१५ मध्ये व फायरफॉक्सने २०१७ मध्ये काढून टाकली. जावा ॲपलेटही त्याच लाटेत गेले. जावाच्या ११ व्या आवृत्तीत (२०१८) त्यांना न्याहाळकात चालविणारा भाग उरला नाही. पुण्याच्या आयुका या संस्थेने व पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीने मिळून आभासी वेधशाळेच्या प्रकल्पात तयार केलेली व्हीओप्लॉट ही खगोलीय कोष्टकांचे आलेख काढणारी आज्ञावली जावामध्येच लिहिलेली होती. ती ॲपलेट म्हणून तसेच स्वतंत्रपणेही चालविता येई. न्याहाळकांतील बदलाने पहिली वाट बुजली तरी दुसरी बुजली नाही, आणि तिची आधारसामग्री व्होटेबल या खुल्या, वाचनीय स्वरूपात असल्याने ती इतर आज्ञावलींनाही वाचता येते. रेणूंच्या बाबतीत जेमोल या आज्ञावलीच्या कर्त्यांनी तिचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करून जेएसमोल ही आवृत्ती काढली व चाइमसाठी लिहिलेल्या पुष्कळशा आज्ञा तीत चालतील अशी व्यवस्था केली. शिक्षकांनी चाइमसाठी तयार केलेल्या पाठांपैकी ज्यांचे असे रूपांतर वेळीच झाले, ते अद्याप वापरता येतात.